जर्नलमधला ९.८ आणि हायगेन्सचं घड्याळ

प्रॅक्टिकलमध्ये उत्तर पुस्तकाशी जुळलं नाही की आपण रीडिंग बदलतो. ज्याच्या सूत्रावर आपण हा प्रयोग करतो, त्या माणसापुढेही एकदा असाच न जुळणारा आकडा आला होता. तो आकडा पचवायला त्याला बरीच वर्षं लागली. त्याची ही गोष्ट.

पिंपळगाव बसवंत. अकरावी सायन्सची फिजिक्स लॅब. स्टँडला बारीक दोरा बांधलाय, दोऱ्याच्या टोकाला धातूचा छोटा गोळा. एकाच्या हातात स्टॉपवॉच, दुसरा झोके मोजतोय. एक, दोन, तीन... वीस. स्टॉपवॉच बंद. वेळ लिहायची, दोरा लांब करायचा, पुन्हा वीस झोके. हे चित्र निफाड तालुक्यातल्याच काय, राज्यातल्या कुठल्याही लॅबमध्ये दिसेल.

मग आकडेमोड होते. उत्तर येतं ९.६. आणि जर्नलमध्ये लिहिलं जातं ९.८.

कसं काय? अगदी सोपं. मागच्या बॅचमधल्या कुणाचं तरी जर्नल हाताशी असतं. नसलं तरी उत्तर माहीत असतंच, मग उलट्या बाजूने गणित करून रीडिंग बसवायची. एक्सटर्नल मार्क कापतील ही भीती असते. शिवाय सगळेच तसं करतात, मग आपण कशाला वेगळं वागा?

आपलं गाव द्राक्षांचं, टोमॅटोचं, कांद्याचं. वर्षभराची मेहनत शेवटी काट्यावर चढते. काटा मारणं म्हणजे काय, हे इथल्या पोरापोरींना शिकवावं लागत नाही. कुठे वजनात गडबड वाटली तर घरातली मोठी माणसं तिथल्या तिथे भांडायला उभी राहतात. लॅबमध्ये मात्र आपणच आपल्या रीडिंगला काटा मारतो आणि त्यात काही चुकलंय असं कुणालाच वाटत नाही.

लंबकाच्या झोक्यावरून गुरुत्व मोजायची ही युक्ती क्रिस्टियान हायगेन्सची. फिजिक्सच्या पुस्तकात प्रकाशाच्या लहरींच्या धड्यात भेटतो, तोच हा हायगेन्स. कुणी त्याला ह्युजेन्स म्हणतं.

घरी बसलेला हुशार पोरगा

हायगेन्सचा जन्म १४ एप्रिल १६२९ चा, नेदरलँड्समधल्या हेग शहरातला. वडील कॉन्स्टंटाइन हे कवी, संगीताचे जाणकार आणि ऑरेंज राजघराण्याचे सचिव. देकार्तसारखा तत्त्वज्ञ त्यांच्या ओळखीतला. क्रिस्टियान आठ वर्षांचा असताना आई गेली. मुलांचं शिक्षण घरीच झालं. लॅटिन, गणित, वाद्यं, सगळं. पण या पोराचं मन रमायचं ते यंत्रांत.

वडिलांचा प्लॅन वेगळा होता. पोरांनी कायदा शिकावा आणि राजदरबारी मोठ्या हुद्द्यावर जावं. म्हणून १६४५ मध्ये क्रिस्टियानला लायडेनच्या विद्यापीठात कायद्यासाठी घातलं. तिथे त्याने कायद्यापेक्षा गणितच जास्त केलं. पुढे १६५० मध्ये ऑरेंजचा राजपुत्र दुसरा विल्यम वारला आणि हायगेन्स घराण्याचं दरबारातलं वजन घटलं. नोकरीचा ठरलेला रस्ता बंद झाला. एकवीस वर्षांचा क्रिस्टियान वडिलांच्या पैशांवर घरीच राहू लागला.

आजच्या भाषेत, शिकून घरी बसलेला पोरगा. पण हा नुसता बसला नाही. थोरल्या भावाबरोबर तो काचा घासून दुर्बिणीची भिंगं बनवायला लागला. अशाच घरगुती दुर्बिणीतून २५ मार्च १६५५ ला त्याला शनीचा सगळ्यात मोठा चंद्र टायटन सापडला. गॅलिलिओला शनीच्या दोन्ही बाजूंना काहीतरी विचित्र दिसलं होतं, पण त्याचा उलगडा झाला नव्हता. ती शनीभोवतीची चपटी कडी आहे, हे हायगेन्सने १६५९ च्या पुस्तकात सांगितलं. वय तीस.

पडणारा दगड मोजायचाच नाही

त्या काळची चांगली घड्याळंसुद्धा दिवसाला पंधरा मिनिटं इकडची तिकडे व्हायची. ताऱ्यांच्या नोंदी घेणाऱ्याला असं घड्याळ काय कामाचं? लंबक एका ठेक्यात झुलतो हे गॅलिलिओने ओळखलं होतं. म्हातारपणी दृष्टी गेल्यावर त्याने लंबकाच्या घड्याळाची कल्पना मुलाला सांगितली, पण ते घड्याळ पुरं झालं नाही. १६५६ च्या नाताळात हायगेन्सने स्वतःचं लंबकाचं घड्याळ जुळवलं. दुसऱ्या वर्षी त्याचे हक्क घेतले. दिवसाची चूक पंधरा मिनिटांवरून पंधरा सेकंदांच्या घरात आली.

पण त्याचं समाधान झालं नाही. मोठा झोका घेतला की लंबकाला थोडा जास्त वेळ लागतो, हे त्याला दिसत होतं. लॅबमध्ये सर गोळा जास्त लांब ओढू नका म्हणून ओरडतात ना, त्याचं कारण हेच. झोका लहान असो की मोठा, वेळ तेवढाच लागावा असा रस्ता कोणता, हे त्याने १६५९ मध्ये गणिताने शोधलं. तो रस्ता म्हणजे सायक्लॉइड. चाकाच्या कडेला खडूची खूण केली आणि चाक जमिनीवरून घरंगळत नेलं की ती खूण हवेत जी कमान काढते, ती ही वक्ररेषा. लंबकाने तीच उलटी धरली की काम झालं.

याच शोधात गुरुत्वाचा आकडा हाती लागला. त्याआधी लोक उंचावरून दगड टाकून वेळ मोजायचे. पण दगड इतका पटकन पडतो की मोजणाऱ्याचा हातच मागे राहतो. हायगेन्सने विचार उलटा केला. पडणं मोजायचंच नाही, झुलणं मोजायचं. लंबकसुद्धा एक प्रकारे पडतच असतो, फक्त दोरा त्याला धरून ठेवतो. शिवाय झोके शेकड्याने मोजता येतात. लंबकाची लांबी आणि एका झोक्याचा वेळ एवढ्या दोन गोष्टी कळल्या, की वस्तू पहिल्या सेकंदात किती खाली येईल ते गणिताने काढता येतं. त्याचं उत्तर होतं, पॅरिसच्या मापाने १५ फूट १ इंच. म्हणजे आजचे ४.९ मीटर. त्याची दुप्पट करा. ९.८. साडेतीनशे वर्षांपूर्वी, हातातल्या स्टॉपवॉचशिवाय.

गोड अहवाल

आता समुद्र. भर समुद्रात आपण पूर्व-पश्चिम नक्की कुठे आहोत, हे त्या काळच्या खलाशांना कळत नसे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे ४ मिनिटांना १ अंश. निघालेल्या बंदरातली वेळ दाखवणारं भरवशाचं घड्याळ जहाजावर असेल तर हिशेब सोपा होतो. चूक झाली तर मात्र विषुववृत्ताजवळ ४ मिनिटांमागे १११ किलोमीटरचा फरक.

हायगेन्सची घड्याळं घेऊन रॉबर्ट होम्स हा इंग्रज कप्तान आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे गेला. १६६५ मध्ये परतल्यावर त्याने दिलेला अहवाल एकदम झकास होता. पाणी संपत आलेलं, बाकीच्या कप्तानांचे हिशेब वेगळे, पण होम्सने घड्याळावर भरवसा ठेवला आणि घड्याळाने सांगितलं तिथेच बेट दिसलं. हायगेन्स खूश झाला. पुढे त्याने ही हकिकत आपल्या पुस्तकातही घातली.

लंडनच्या रॉयल सोसायटीत मात्र काहींना ही गोष्ट जरा जास्तच गोड वाटली. सॅम्युअल पेप्सने जहाजावरच्या मास्टरकडे चौकशी केली, तर त्याची हकिकत होम्सइतकी छान निघाली नाही. अलीकडे इतिहासकारांनीही तपासून पाहिलं आणि होम्सने गोष्ट चांगलीच फुगवली होती असं त्यांचं मत झालं. थोडक्यात, उत्तर आधी ठरलं होतं आणि रीडिंग नंतर बसवली होती.

गंमत बघा. त्याच वर्षी फेब्रुवारीत हायगेन्स आजारी पडून खोलीत होता. समोर दोन घड्याळं टांगलेली. त्याच्या लक्षात आलं की दोघांचे लंबक आपोआप एकाच ठेक्यात येतात, एक डावीकडे तेव्हा दुसरा बरोबर उजवीकडे. मुद्दाम ठेका बिघडवला तरी थोड्या वेळाने पुन्हा तसंच. त्याला आधी वाटलं, हे हवेमुळे होत असेल. मग त्याने तपासलं आणि दोघांना धरणाऱ्या आधारातून अगदी बारीक हालचाल एकाकडून दुसऱ्याकडे जाते हे शोधलं. म्हणजे विचित्र गोष्टीचा पिच्छा पुरवणं त्याला छान जमत होतं. पण ती विचित्र गोष्ट त्याच्या स्वतःच्या खोलीतली होती, दुसऱ्याने आणलेली नव्हती.

कडू आकडा

१६६६ मध्ये फ्रान्सच्या राजाने पॅरिसमध्ये विज्ञानाची अकादमी सुरू केली. हायगेन्सला मोठ्या मानाने तिथे बोलावलं. घर, पगार, दुर्बिणी, सगळं मिळालं. १६७२ मध्ये फ्रान्सने त्याच्याच मायदेशावर हल्ला केला, तरी तो पॅरिसमध्ये राहिला. १६७३ मध्ये लंबकावरचं मोठं पुस्तक आलं, ते त्याने त्याच फ्रेंच राजाला अर्पण केलं. मायदेशात ते अनेकांना खटकलं.

या पुस्तकात एक मोठं स्वप्न होतं. ज्या लंबकाला एका बाजूने दुसऱ्या बाजूला जायला बरोबर एक सेकंद लागतो, त्याची लांबी सगळ्या जगासाठी माप म्हणून वापरायची. गावागावाचे वेगळे फूट, वेगळे हात कशाला? लंबक सगळीकडे सारखाच. ती लांबी आजच्या हिशेबाने साधारण ९९ सेंटिमीटर.

सगळीकडे सारखाच? इथेच माशी शिंकली.

त्याच सुमारास अकादमीने जाँ रिशे या निरीक्षकाला दक्षिण अमेरिकेतल्या कायेनला पाठवलं होतं. विषुववृत्तापासून जेमतेम पाच अंशांवरची जागा. मंगळ आणि इतर ग्रह बघणं हे मुख्य काम. रिशेने तिथे पाहिलं की पॅरिसमध्ये बरोबर चालणारं घड्याळ दिवसाला अडीच मिनिटांच्या आसपास मागे पडतंय. घड्याळ ताळ्यावर आणायला लंबक सुमारे पावणेतीन मिलिमीटर आखूड करावा लागत होता.

रिशे काय करू शकला असता? लंबक गुपचूप आखूड करायचा, ग्रहांच्या नोंदी घ्यायच्या आणि घरी यायचं. कुणाला कळलंही नसतं. पण त्याने ते केलं नाही. दहा महिने, जवळजवळ दर आठवड्याला, त्याने पुन्हा पुन्हा मोजलं आणि आलं तसंच लिहिलं.

पॅरिसमध्ये यावर बहुतेकांचा विश्वास बसेना. हायगेन्सचाही नाही. त्याला कारणंही होती. पिकार या नामांकित निरीक्षकाने डेन्मार्कजवळ मोजलेली लांबी पॅरिसइतकीच आली होती. शिवाय हा तोच रिशे, जो १६७० मध्ये हायगेन्सची घड्याळं घेऊन अटलांटिकपार निघाला होता. ती घड्याळं वादळात बंद पडली आणि हायगेन्सने दोष रिशेच्या हलगर्जीपणाला दिला होता. मग या माणसाचा आकडा कोण खरा मानणार?

कुणी म्हणालं, तिकडच्या उष्णतेने धातूची दांडी लांबली असेल. हिशेब करून बघू. सुमारे एक मीटरची लोखंडी दांडी २० अंश जास्त तापली तरी लांबते पाव मिलिमीटर. रिशेचा फरक त्याच्या दहापट होता.

एकीकडे होम्स, एकीकडे रिशे. होम्सचा अहवाल हायगेन्सला हवा तसा होता, म्हणून पटकन पटला. रिशेचा आकडा अडचणीचा होता, म्हणून त्याच्यावर शंका. इतक्या मोठ्या डोक्याच्या माणसाचंही असं होतं.

आयर्लंडच्या जमिनीवरून गेलेलं जहाज

१६८१ मध्ये तब्येत ढासळली म्हणून हायगेन्स हेगला परतला. दोन वर्षांनी त्याला पाठीशी घालणारा मंत्री कोल्बेर वारला. १६८५ मध्ये फ्रान्सने प्रोटेस्टंट लोकांना दिलेलं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं. हायगेन्स प्रोटेस्टंट. पॅरिसचं दार कायमचं बंद झालं.

घड्याळाचा नाद मात्र सुटला नाही. १६८६-८७ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीच्या अल्कमार जहाजातून त्याची घड्याळं आफ्रिकेच्या दक्षिण टोकापर्यंत जाऊन आली. नोंदी हेगला पोचल्या. घड्याळाच्या वेळेवरून त्याने परतीचा मार्ग नकाशावर काढला. आणि बघतो तर काय, जहाज आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जमिनीवरून आलेलं!

आता दोनच पर्याय. घड्याळ नापास करायचं, नाहीतर रिशेचा आकडा खरा मानायचा.

या वेळी हायगेन्सने रिशेचं ऐकलं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते. विषुववृत्तावरची जमीन ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने गरगरते, ध्रुवावर हा वेग शून्य. गोफणीतला दगड बाहेर ओढतो, तशी विषुववृत्तावरची प्रत्येक वस्तू किंचित बाहेरच्या बाजूला जाऊ पाहते. त्यामुळे तिथे वजन साधारण २८९ भागांत एक भाग कमी भरतं आणि लंबक मंद झुलतो. एवढी दुरुस्ती करून त्याने मार्ग पुन्हा काढला. जहाज समुद्रात परत आलं.

१६८७ मध्ये न्यूटनचं मोठं पुस्तक आलं. त्यातही रिशेच्या लंबकाचा पुरावा होता. पृथ्वी चेंडूसारखी गोल नसून ध्रुवांकडे चपटी आहे, असं न्यूटन म्हणत होता. हायगेन्सला न्यूटनचं सगळं पटलं नाही. मधे काहीच नसताना दुरून ओढ कशी लागते, हा प्रश्न त्याला शेवटपर्यंत छळत राहिला. पण पृथ्वी चपटी आहे हे त्याने मान्य केलं आणि १६९० च्या पुस्तकात छापलं. सगळीकडे एकच लंबक, हे स्वतःचं स्वप्न त्यात मोडलं, तरीही.

किती चपटी? न्यूटनने सांगितलं २३० भागांत एक, हायगेन्सने ५७८ भागांत एक. आज मोजलेला आकडा आहे २९८ भागांत एक. दोघेही चुकले, पण वाट दोघांनाही बरोबर सापडली होती. ती दाखवली रिशेच्या पावणेतीन मिलिमीटरने.

शेवटची वर्षं आजारपणात आणि एकटेपणात गेली. त्याने लग्न केलं नव्हतं. ८ जुलै १६९५ ला हेगमध्येच तो वारला. १४ जानेवारी २००५ ला त्याच्या नावाचं यान टायटनवर उतरलं. घरी बसलेल्या पोराने घरच्या दुर्बिणीतून पाहिलेल्या त्याच चंद्रावर.

आता आपल्या लॅबमध्ये

लंबक नंतर आपल्या देशातही फिरला. १८६५ पासून भारताच्या सर्व्हे खात्याने पितळी लंबक घेऊन कन्याकुमारीच्या टोकापासून हिमालयापर्यंत गुरुत्व मोजलं. मुंबईचं कुलाबा हेही त्यातलं एक ठिकाण. हे काम करणारा कॅप्टन बसेवी १८७१ मध्ये लडाखच्या उंचीवर, थंडीत, मोजणी करता करता वारला. त्याचे आकडेही अपेक्षेशी जुळले नव्हते. हिमालयाएवढ्या डोंगराचं वजन जमेस धरलं तर गुरुत्व जास्त यायला हवं होतं, ते कमी भरलं. त्यातून डोंगराखाली खोलवर हलका खडक आहे या कल्पनेला बळ मिळालं. तेही आकडे कुणी बसवले असते तर?

आता पिंपळगाव. आपण विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण वीस अंशांवर आहोत. समुद्रसपाटीपासून उंचीही बऱ्यापैकी. हिशेब केला तर इथला आकडा ९.७८ आणि ९.७९ च्या मध्ये येतो. पॅरिसचा आहे ९.८१. पॅरिसमध्ये बरोबर लावलेलं लंबकाचं घड्याळ इथे आणलं तर दिवसाला सुमारे पावणेदोन मिनिटं मागे पडेल. तिथे जुळवलेला स्प्रिंगचा काटा इथे १ क्विंटल कांद्यामागे जवळजवळ पाव किलो कमी दाखवेल. कुणीही काटा न मारता.

खरं सांगायचं तर हातातल्या स्टॉपवॉचने वीस झोके मोजून हा बारीक फरक पकडता येणार नाही. एक मीटरच्या लंबकाचे वीस झोके ४० सेकंदांत होतात. बोट दाबताना ०.२ सेकंदाची चूक झाली तर उत्तर ०.१ ने हलतं. शंभर झोके मोजले तर तीच चूक ०.०२ वर येते. म्हणजे थोडा धीर धरला की काम होतं.

मग ते सुरुवातीचं ९.६ कुठून आलं? बहुतेक वेळा कारण साधं असतं. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची असते, आपण दोरा संपतो तिथपर्यंत मोजतो. लंबक ५० सेंटिमीटरचा आणि गोळ्याची त्रिज्या १ सेंटिमीटर असेल, तर नेमका ९.८ चा ९.६ होतो. आणखी एक गोष्ट. चार-पाच वेगवेगळ्या लांब्या घेऊन लांबी आणि वेळेचा वर्ग यांचा आलेख काढला, तर ही चूक पकडलीच जाते. रेषेचा चढ बरोबर राहतो, फक्त रेषा शून्यातून जात नाही. पण रीडिंग खरी असतील तरच. बसवलेल्या रीडिंगची रेषा सुंदर शून्यातून जाते आणि काहीच सांगत नाही.

पुढच्या प्रॅक्टिकलला आलेलं उत्तर आहे तसं लिहा. खाली एक ओळ जोडा, फरक कशामुळे आला असेल ते सांगणारी. सरांशी त्यावर बोला. शंभर झोके मोजून ९.७८ आलं, तर खोडरबर खिशातच ठेवा. ते उत्तर आपल्या पिंपळगावचं असू शकतं.